बदली म्हणजे चौकशी नव्हे

शिक्षकाच्या किंवा शाळेतील अन्य कोणा नोकराच्या गैरवर्तनाची तक्रार मुख्याध्यापकांच्या मेजावर आली म्हणजे त्या शाळेत जे काही सुरू होते, त्यास आपल्याकडे चौकशी म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती चौकशी नसते. ती आवराआवर असते. तक्रार घेऊन आलेल्या पालकास प्रथम बसवून चहा दिला जातो. मग संस्थेच्या नावलौकिकाचा विषय निघतो. मुलीचे पुढे लग्न व्हावयाचे आहे, याची आठवण तिच्या बापास करून देण्यात येते. संबंधित कर्मचाऱ्याच्या पदरी दोन लहान मुले आहेत, हेही सांगून होते. आणि सरतेशेवटी ‘आम्ही त्यांना येथून हलवितो’ या आश्वासनावर बैठक उठते. आठ-पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम निघतो. पालकास वाटते, न्याय मिळाला. संस्थेस वाटते, अब्रू वाचली. कर्मचाऱ्यास वाटते, नोकरी वाचली. तो ज्या दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू होतो, तेथल्या मुलांचा विचार मात्र या बैठकीत कोणाच्याही मनाला शिवत नाही.

आम्ही हे ऐकीव गोष्टीवरून लिहीत नाही. वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत शिकविले आहे. तेथे आमच्या एका सहकाऱ्याविरुद्ध आठवीतील एका मुलीच्या आईने लेखी अर्ज दिला होता. अर्ज आला, हे शिक्षकांच्या खोलीत सर्वांस ठाऊक होते. त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य आमच्यापैकी एकासही झाले नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या गृहस्थांची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली. त्यांस आम्ही शाल-श्रीफळ देऊन रीतसर निरोप दिला आणि त्या समारंभात त्यांच्याविषयी चार गौरवाचे शब्द बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. मुलगी पुढील जूनमध्ये शाळेत आली नाही. ते गृहस्थ दोषी होते की निर्दोष होते, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कारण ते ठरविण्याची तसदी कोणी घेतलीच नाही. दोषी असतील तर संस्थेने त्यांस नव्या मुलांच्या स्वाधीन केले. निर्दोष असतील तर एका प्रामाणिक शिक्षकाच्या मागे आयुष्यभराची कुजबुज लावून दिली. दोन्हीपैकी काहीही खरे असो, संस्थेचे वर्तन सारखेच अक्षम्य होते, आणि आमचे मौनही.

आपल्या राज्यात या बाबतीत कायदा नाही असे म्हणण्याची सोय नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आहे आणि त्याखालील नियम १९८१ चे आहेत. जिल्हा परिषदेच्या नोकरवर्गाकरिता शिस्त व अपील यांचे नियम तर १९६४ पासून चालत आलेले आहेत. खाजगी शाळांच्या नियमांत विद्यार्थ्यांशी केलेले असभ्य वा अनैतिक वर्तन हे नैतिक अधःपतन या सदरात मोडते आणि त्याबद्दल नोकरीतून काढून टाकता येते. आरोपांचे निवेदन हाती पडल्यावर खुलासा करण्यास सात दिवसांची मुदत आहे. चौकशी साधारणपणे एकशेवीस दिवसांत पुरी करावी आणि अधिक मुदत हवी असल्यास शिक्षण उपसंचालकांकडून मागून घ्यावी, असे स्पष्ट लिहिले आहे. चौकशीच्या निकालाविरुद्ध तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. या संपूर्ण व्यवस्थेत ‘तक्रार आली म्हणून गुपचूप बदली’ असा उपाय कोठेही सांगितलेला नाही. तो आपल्या संस्थाचालकांनी आणि खात्यातील अधिकाऱ्यांनी संगनमताने शोधून काढलेला आहे, आणि तो इतका रूढ झाला आहे की त्यात काही वावगे आहे असे त्यांपैकी कित्येकांस प्रामाणिकपणे वाटतच नाही!

तक्रार जर मुलाच्या अंगाशी केलेल्या लैंगिक चाळ्यांची असेल, तर शाळेची मोकळीक आणखीच संपते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास लोक ‘पोक्सो’ या नावाने ओळखतात, त्याच्या एकोणिसाव्या कलमाने अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि तो संस्थेचा प्रमुख असेल व अपराध त्याच्या हाताखालील माणसाने केलेला असेल, तर एक वर्षापर्यंत. येथे आमच्या मुख्याध्यापकांची एक प्रामाणिक चूक होते, ती सांगितली पाहिजे. त्यांस वाटते की, आधी आपण खरेखोटे करावे आणि खात्री पटल्यावर मग पोलिसांकडे जावे. उतावीळपणे एखाद्या माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त करू नये, ही त्यामागील भावना वाईट नाही. परंतु कायद्याने त्यांच्याकडे निवाडा मागितलेलाच नाही. केवळ वर्दी मागितली आहे. खरेखोटे करण्याच्या नादात होते काय, की मूल चार माणसांसमोर चार वेळा तीच हकीकत सांगते. चौथ्या वेळी तिच्यात एखादा शब्द बदलतो आणि मग तोच बदललेला शब्द पुढे न्यायालयात त्याच्यावर उलटतो.

बदलापूरच्या घटनेला फार दिवस झालेले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेतील बालवर्गाच्या दोन मुलींवर शाळेतच काम करणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार झाली. पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास तिष्ठत ठेवण्यात आले आणि १६ ऑगस्टच्या रात्री एकदाचा गुन्हा नोंदविला गेला. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. घटना कळूनही कळविली नाही, याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मरण पावला, तेव्हा काही ठिकाणी पेढे वाटले गेले. आम्हांस त्या पेढ्यांची चव घेता आली नाही. तो मेला त्याचबरोबर त्याच्यावरील खटलाही संपला. त्याचा अपराध भर न्यायालयात सिद्ध होण्याची आणि शाळेत नेमके कोणाचे कोठे चुकले हे त्या साक्षीपुराव्यातून बाहेर येण्याची वाटही बंद झाली. जेथे पहिल्या दिवशी शाळेने आपले साधे कर्तव्य केले असते, तेथे शेवटी लोक रुळांवर आणि पोलीस बंदुकीवर आले, असा हा क्रम आहे.

मौन पाळणारे केवळ संस्थाचालकच असतात असेही नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवरील अत्याचारांच्या प्रकरणी, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरती फिर्याद रद्द केली होती; सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि तत्काळ वर्दी देणे हा या कायद्याचा गाभा असल्याचे बजावले. राजस्थानातील गंगापूर सिटीचे प्रकरण तर आमच्या चहाच्या बैठकीशी थेट नाते सांगणारे आहे. तेथे २०२२ साली एका शिक्षकाविरुद्ध अल्पवयीन विद्यार्थिनीची छेड काढल्याची फिर्याद झाली. लागलीच मुलीच्या बापाशी तडजोड झाली, कागद झाला आणि त्या कागदावर तेथील उच्च न्यायालयाने खटला रद्दही केला. बाप गप्प राहिला. दाद मागितली ती त्रयस्थ माणसांनी, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा उभा केला. मुलावर झालेला अपराध ही बापाच्या मालकीची वस्तू नाही, की ती त्याने परस्पर तोडून टाकावी.

इतके वाचून एखादा शिक्षक-वाचक अस्वस्थ झाला असेल, तर त्याची अस्वस्थता आम्ही समजू शकतो. कारण चौकशी हे शस्त्र दुहेरी आहे आणि त्याची दुसरी धार बहुधा निरपराध्याच्याच मानेवर चालते. संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्यास जागा हवी आहे, अमक्या शिक्षकाने निवडणुकीत संचालकांच्या पॅनेलला मत दिले नाही, तमक्या बाईंनी पटावरील खोट्या हजेरीवर सही करण्यास नकार दिला, अशा कारणांनी मेमोंचा पाऊस सुरू झाल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शिक्षिकेची कहाणी तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेली आहे. महापालिकेच्या कराची रक्कम भागविण्यासाठी संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याकडून पंधराशे रुपये मागितले. या बाईंनी ते देण्यास नकार दिला. मग त्यांच्यावर पंचवीस मेमो निघाले. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांस निलंबित करण्यात आले. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनास मान्यता दिली नाही, तरीही एकतर्फी चौकशी उरकून जून २००७ मध्ये त्यांस कामावरून काढून टाकण्यात आले. न्यायाधिकरणाने २००९ साली ही सर्व कारवाई रद्द केली. मधल्या काळाचे वेतन मात्र त्यांच्या पदरात पडावे म्हणून त्यांस दिल्लीपर्यंत जावे लागले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण देण्याचा हुकूम केला. पंधराशे रुपयांच्या नकाराची किंमत जवळजवळ सात वर्षे! इतकी वर्षे लढण्याची ताकद किती शिक्षकांत असते?

म्हणजे पाहा: एका शाळेत ज्याची चौकशी व्हावयास हवी त्याची होत नाही, आणि दुसऱ्या शाळेत जिची होण्याचे काही कारण नाही तिची हटकून होते. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन गोष्टींचे मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी चौकशी करावी की करू नये, हे तीच मंडळी ठरवितात ज्यांचा त्या प्रकरणात हितसंबंध गुंतलेला असतो. एका ठिकाणी त्यांस अब्रू झाकावयाची असते, दुसऱ्या ठिकाणी हिशेब चुकता करावयाचा असतो.

चौकशी समितीची रचनाच बघावी. खाजगी शाळेतील कर्मचाऱ्यासाठी ती तीन जणांची असते. एक सदस्य संस्थेच्या व्यवस्थापनातील. दुसरा त्या कर्मचाऱ्याने कोणत्याही खाजगी शाळेच्या नोकरवर्गातून नेमावयाचा. आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या शिक्षकांच्या नामिकेतील. कागदावर हा समतोल सुंदर दिसतो. परंतु तो पुरस्कारप्राप्त शिक्षक निवडतो कोण? संस्थेचाच मुख्य कार्यकारी अधिकारी. म्हणजे तिघांपैकी दोघे संस्थेने आणलेले आणि एक आरोपीने आणलेला. ज्या मुलाच्या तक्रारीमुळे ही सर्व मंडळी एका टेबलाभोवती जमली, त्याच्या बाजूने तेथे बसणारे कोणीही नाही. आम्ही पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या सचोटीविषयी शंका घेत नाही. पण उत्तम कविता शिकविणे निराळे आणि साक्षीपुरावा तोलणे निराळे. दोषारोपपत्रातील तारीख चुकली, साक्षीदाराची उलटतपासणी होऊ दिली नाही, कागदपत्रांच्या नकला दिल्या नाहीत, अशा हरकतींवर खरोखर दोषी असलेला मनुष्य सन्मानाने परत येतो, तेव्हा त्या तिघांच्या अज्ञानाचे प्रायश्चित्त शाळेतील मुले घेत असतात.

उलटतपासणीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्यास सोपे उत्तर आहे असे आम्ही भासविणार नाही. आरोपीला साक्षीदारास प्रश्न विचारण्याचा हक्क हवाच. त्याशिवाय न्याय होत नाही. परंतु साक्षीदार जर अकरा वर्षांची मुलगी असेल आणि प्रश्न विचारणारा कालपर्यंत तिला फळ्यासमोर उभी करणारा तिचा गुरुजी असेल, तर त्या प्रसंगाला न्याय म्हणवत नाही. नवोदय विद्यालयांनी यावर एक तोड काढली. नेहमीची चौकशी मुलीस लज्जास्पद ठरेल अशी खात्री झाल्यास थोडक्यात तपास करून वरिष्ठ अधिकाऱ्याने निर्णय द्यावा, असा नियम त्यांनी केला आणि मुलींच्या वसतिगृहात रात्री गेलेल्या एका शिक्षकाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो उचलून धरला. तेथे तो अधिकार दूरच्या आणि मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तोच अधिकार आपल्या तालुक्यातील संस्थाध्यक्षांच्या हाती दिला, तर वर सांगितलेल्या पंधराशे रुपयांच्या प्रकरणासारखी शंभर प्रकरणे उभी राहतील. पोक्सो कायद्याने न्यायालयांस घालून दिलेली रीत अधिक शहाणपणाची आहे. मूल आरोपीच्या दृष्टीस पडू नये, त्याला वारंवार बोलावू नये, वकिलाने थेट न विचारता प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारावेत. न्यायालयांत जे होऊ शकते, ते शाळेच्या चौकशीत का होऊ नये? मुलाचा जबाब एकदाच, त्याच्या विश्वासातील माणसाच्या उपस्थितीत आणि एका जाणत्या स्त्रीने घ्यावा. आरोपीने आपले प्रश्न लेखी द्यावेत. तेच तिने मुलाला समजेल अशा भाषेत विचारावेत.

आणखी एक पळवाट आहे, तिच्याकडे खात्याचे लक्ष का जात नाही हे आम्हांस उलगडलेले नाही. चौकशी सुरू होण्याच्या सुमारास कर्मचारी राजीनामा देतो. संस्था सुटकेचा निःश्वास टाकून तो मंजूर करते आणि वर अनुभवाचा दाखलाही देते. त्या दाखल्यात ‘वर्तणूक समाधानकारक’ असे लिहिलेले असते! हा दाखला घेऊन तो मनुष्य दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेच्या दारात उभा राहतो. त्या शाळेने पूर्वीच्या शाळेस साधे पत्र टाकून विचारावे असा दंडक नाही, आणि विचारलेच तर खरे उत्तर येईल याची शाश्वती नाही.

शासनाने काही केले नाही असे नाही. २०२२ साली शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय झाला. तक्रारपेट्या लागल्या. बदलापूरनंतर कॅमेऱ्यांचे आदेश निघाले. पण तक्रारपेटीची किल्ली कोणाच्या खिशात असते, आणि त्या पेटीतील चिठ्ठी वाचून झाल्यावर ती कोठे जाते, हा प्रश्न पेटीने सुटत नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मुलाविषयीच्या गैरवर्तनाची चौकशी संस्थेच्या आणि पंचायत समितीच्या हातांतून काढून घ्यावी. दर शिक्षण विभागासाठी एक कायम चौकशी मंडळ असावे. त्यात निवृत्त न्यायिक अधिकारी, बालकांच्या प्रश्नांचे ज्ञान असलेली स्त्री आणि दुसऱ्या जिल्ह्यातील अनुभवी शिक्षक असावेत. जिल्हा परिषद, महापालिका आणि खाजगी अशा तिन्ही शाळांना तेच लागू असावे. तक्रार पोहोचताच तिला क्रमांक मिळावा आणि त्या क्रमांकाची पोच पालकाच्या हाती पडावी. त्या क्रमांकासमोर निर्णयाची तारीख लिहिली जाईपर्यंत त्या कर्मचाऱ्याची बदली, राजीनाम्याची मंजुरी आणि अनुभवाचा दाखला, तिन्ही गोष्टी गोठविलेल्या असाव्यात. त्यास मुलांपासून दूर ठेवावयाचे असेल तर निलंबन करावे किंवा कार्यालयात बसवावे. निलंबन ही शिक्षा नव्हे, हे आधी अधिकाऱ्यांनी आणि मग आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी शिकले पाहिजे. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत विभागीय चौकशी थांबवून ठेवण्याची जी सवय जडली आहे तीही सोडावी. दोहोंतील पुराव्याची मोजमापे भिन्न आहेत आणि दोन्ही बरोबरीने चालू शकतात.

आणि निर्णय निर्दोषत्वाचा लागला, तर? शिक्षक पुन्हा शाळेत हजर होतो. पण ज्या प्रार्थनासभेसमोरून त्यास निलंबित म्हणून जावे लागले, त्या प्रार्थनासभेस तो निर्दोष ठरल्याचे कोणी सांगत नाही. ते मुख्याध्यापकांनी उभे राहून सांगितले पाहिजे. मूल खोटे बोलले असे ठरल्यास पालक त्यास चोप देतात, तेही थांबविले पाहिजे. खोट्या तक्रारीबद्दल मुलाला शिक्षा होणार नाही, असे कायदाच म्हणतो.

या बाबतीत आमच्या व्यवसायाचे हात स्वच्छ नाहीत. शिक्षकाच्या निलंबनाची बातमी आम्ही पहिल्या पानावर छापतो आणि तो सुटल्याची बातमी सातव्या पानावर, बाजारभावांच्या खाली. यापुढे या पत्रात आरोपाची बातमी ज्या पानावर आली असेल, त्याच पानावर आणि तेवढ्याच जागेत निर्णयाची बातमी येईल, मग निर्णय कोणताही असो. मुलाची ओळख पटेल असे एकही अक्षर आमच्याकडून छापले जाणार नाही. शिक्षणखात्याकडे आमचे एवढेच मागणे आहे की, या जिल्ह्यात आजमितीस अशा किती तक्रारी पडून आहेत, त्यांपैकी किती एकशेवीस दिवसांच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि गेल्या पाच वर्षांत तक्रार अनिर्णित असताना किती कर्मचाऱ्यांच्या बदल्या व किती राजीनामे मंजूर झाले, हे चार आकडे त्यांनी द्यावेत. आम्ही ते मागण्यासाठी जिल्हा परिषदेस आणि महापालिकेच्या शिक्षण विभागास आजच पत्र धाडले आहे. त्यांचे उत्तर येईल त्या दिवशी ते याच जागी छापू. उत्तर आले नाही, तर दर सोमवारी येथे पत्राची तारीख तेवढी छापीत राहू.